अफिलिएट मॅनेजर ठेवताय? आमचे २,८९,००० असे गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटून जाईल. अफिलिएट म्हणजे आपली लिंक किंवा कूपन पसरवून विक्री आणणारा आणि त्यावर कमिशन घेणारा; अशांना सांभाळायला आम्ही मॅनेजर ठेवला. सेटअपचे १८,०००. महिना २५,००० प्रमाणे चार महिन्यांचे १,००,०००. अफिलिएटांचं १२ टक्के कमिशन १,३६,८००, आणि त्याच विक्रीवर मॅनेजरचे वरचे ३ टक्के म्हणजे ३४,२००. एकूण दोन लाख एकोणनव्वद हजार. कोल्हापुरी चपलांच्या धंद्यात हे किती जोडांचं मार्जिन होतं, ते आमच्या चप्पल लाइनीत कुणालाही विचारा.

अडाणी म्हणून फसलो नाही. करार होता, जीएसटीची बिलं होती, दर सोमवारी रिपोर्ट यायचा. कूपनवाले अफिलिएट काय उद्योग करतात तेही ठाऊक होतं. ते पकडायलाच तर माणूस ठेवला होता! राखणदारच शेत खाईल हे कसं कळणार?

पण कळायला हवं होतं. दुसऱ्या महिन्याचा रिपोर्ट आला तेव्हाच. त्याआधी वेबसाइटची विक्री महिन्याला ४,१०,००० च्या आसपास. रिपोर्ट म्हणतो, अफिलिएटांनी २,८५,००० ची विक्री आणली. मग बेरीज ६,९५,००० च्या घरात जायला पाहिजे का नको? डॅशबोर्डवर होते ४,१५,०००. म्हणजे आमची नेहमीची गिऱ्हाइकं एका महिन्यात गडप झाली आणि बरोब्बर तेवढीच नवी उगवली! चौथीतलं पोरगं ही वजाबाकी करेल. आम्ही काय केलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला अंगठा पाठवला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे, वर जाऊन बघितला की डोकं फिरतं.

चार महिन्यांत ६०० ऑर्डरी, ११,४०,००० रुपयांच्या. त्यातल्या ४३१ एकाच अफिलिएटच्या नावावर, आणि बहुतेकांत क्लिक ते ऑर्डर एक मिनिटसुद्धा नाही. कोल्हापुरी एका मिनिटात कोण घेतं हो? माप बघायचं, कापशी का साधी ठरवायचं, करकर वाजते का विचारायचं. हे गिऱ्हाईक आधीच कार्टात होतं. पैसे भरताना कूपन शोधायला बाहेर गेलं, परत आलं, आणि शेवटचा क्लिक कूपनवाल्याचा म्हणून कमिशनही त्याचं. कूपन नको असेल तर दुसरा सापळा: गूगलवर आमच्याच दुकानाच्या नावावर जाहिरात. माणूस आम्हालाच शोधतोय, वाटेत हा टोल घेतोय. करारात अशा जाहिरातीची (ब्रँड बिडिंगची) बंदी लिहून घ्या, आणि ती मोडली तर कमिशन परत, हेही लिहा.

आम्ही तपासलं नाही असं नाही. इन्कॉग्निटोत दर आठवड्याला बघत होतो, जाहिरात कधी दिसली नाही. दिसणार कशी? गूगलच्या जाहिरातीत हवं ते शहर वगळता येतं. कोल्हापूर वगळलेलं! नागपूरच्या मावसभावानं फोनवर शोधलं तर पहिलीच. तेव्हा आपल्या गावात बसून तपासू नका, चार गावच्या पाहुण्यांना रात्री उशिरा शोधायला लावा.

शेवटी गाठ सुटली ती टीडीएसमुळं. सीएंनी कमिशनवर टीडीएस कापायला अफिलिएटांचे पॅन आणि पत्ते मागितले. ४३१ ऑर्डरीवाल्याचा पत्ता आणि मॅनेजरच्या बिलावरचा पत्ता एकच, फ्लॅट नंबरसकट. पहिल्या पेमेंटच्या आधी पॅन मागा, चार महिन्यांनी नव्हे.

परत आलेल्या मालाचं वेगळंच. सीओडीची ९४ पार्सलं परत आली, कमिशन केव्हाच गेलेलं. कारण मॅनेजरनं लॉक, म्हणजे कमिशन पक्कं होण्याआधी थांबायची मुदत, ७ दिवसांचा लावला होता आणि पार्सल परत यायलाच १२ ते १५ दिवस लागतात. लॉक ३० दिवसांच्या खाली नको, आणि कमिशन पोचलेल्या ऑर्डरीवरच.

मग तक्रार. एका ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, "करार तुमचा, बिलं तुम्ही भरली, हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, दाखवलं तर साहेब म्हणाले, "वकिली शिकवू नका." सायबरवाल्यांचा एकच प्रश्न, ओटीपी दिला का? नाही दिला. मग आमच्यात बसत नाही! कुकी, म्हणजे गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली नोंद, हे तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा हवालदारानं "बिस्किट?" विचारलं आणि सगळं ठाणं हसलं. अमेरिकेतल्या ई-बे या ऑनलाइन बाजारानं अशाच कुकीच्या लबाडीवरून, म्हणजे खरा क्लिक नसताना कुकी भरण्यावरून, २००८ मध्ये आपल्या अफिलिएटांवर दावा लावला होता, पुढं दोघांना तुरुंगवासही झाला. इथं पोचपावती मिळेना. अफिलिएट नेटवर्क, म्हणजे क्लिक मोजून कमिशन वाटणारी मधली कंपनी, तिचं उत्तर त्याहून थोर: "सगळी कमिशनं तुमच्याच मॅनेजरनं मंजूर केलीत." अ‍ॅडमिन लॉगिन त्याच्या ईमेलवर होतं. ते पहिल्या दिवसापासून मालकाच्या नावावर पाहिजे, मंजुरीचं बटणही.

आणि मॅनेजर लागतोच का? पंधरा-वीस अफिलिएटांपर्यंत आठवड्याला तासभर पुरतो. त्यापुढं ठेवलाच तर विक्रीवर टक्का देऊ नका, द्यायचाच तर फक्त नव्या गिऱ्हाइकावर. तो स्वतः किंवा घरचं कुणी अफिलिएट नाही, हे सहीनिशी घ्या.

वकिलाची नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. परवा मावसभावानं नागपुरातून स्क्रीनशॉट पाठवला. तीच जाहिरात, तेच कूपन. फक्त दुकानाचं नाव आमचं नाही, आमच्याच लाइनीतल्या दुसऱ्याचं आहे.