चार पोर्टांचं इंटेल आय३५०-टी४ कार्ड: घ्यावं का, आणि कुणी?

म्हापशाचा फोटो स्टुडिओ असो, मडगावचं सीए ऑफिस असो की कुंडईच्या वसाहतीतला कारखाना, फाइल सर्व्हर रखडायला लागला की एक सल्ला हमखास मिळतो: "चार पोर्टांचं कार्ड टाका, चार केबल ओढा, स्पीड चौपट." नेटवर्क कार्ड म्हणून बहुतेक वेळा नाव येतं इंटेलच्या आय३५०-टी४ चं. कार्ड उत्तम आहे. चौपटीचा हिशेब मात्र सल्ला देणाऱ्यालाही बरेचदा ठाऊक नसतो, आणि मग पैसे खर्चूनही कॉपीचा आकडा होता तिथेच राहतो.

आधी कार्डाविषयी. एक गिगाबिटचे चार आरजे-४५ पोर्ट, मदरबोर्डाशी बोलायला पीसीआयई २.१ च्या चार लेन (डेटाच्या वाटा), दर पोर्टाला आठ क्यू (रांगा) आणि आरएसएसची (रिसीव्ह साइड स्केलिंग) सोय, म्हणजे आलेलं काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटता येतं. लिनक्समध्ये 'आयजीबी' ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, विंडोज सर्व्हरही कार्ड लगेच ओळखतो. बाजारात याहून स्वस्त चार-पोर्टी कार्डं मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर साध्या गिगाबिट चिप असतात आणि त्या सगळ्या मिळून मदरबोर्डाशी एकाच लेनने बोलतात. दुसऱ्या पिढीची एक लेन म्हणजे कागदावर सेकंदाला ५०० मेगाबाइट. चारही पोर्ट एकदम धावले की ती तिथेच तुंबते. आय३५० मध्ये हा प्रश्न नाही, फक्त खाच बघून बसवा. बऱ्याच बोर्डांवर खालची लांब खाच दिसते सोळा लेनची आणि आतून जोडलेली असते एकाच लेनला.

खरेदीआधी आजचा आकडा बघा. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. हेडरांचा खर्च वजा जाता फाइलसाठी उरतात साधारण ११७. विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं, म्हणून त्याच्या खिडकीत हाच वेग ११२ च्या आसपास दिसतो. तेवढा येत असेल तर तार भरली आहे आणि पुढचं वाचण्यात अर्थ आहे. ११ दिसत असेल तर पोर्ट १०० मेगाबिटवर उतरलाय. केबल बदला, कार्ड नको. ४०-५० वर घुटमळत असेल तर डिस्क, अँटिव्हायरस किंवा बारीक फाइलींचा ढीग तपासा. खात्री करायला 'आयपर्फ३' हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम दोन्ही टोकांना चालवा. तो डिस्कला हातच लावत नाही, त्यामुळे ९४० मेगाबिटच्या जवळ आकडा आला की नेटवर्क निर्दोष.

आता चौपटीचं. चार तारांची एक मोळी बांधण्याची रूढ रीत म्हणजे एलएसीपी. हे मानक २००० साली ८०२.३एडी म्हणून आलं आणि पुढे ८०२.१एएक्स मध्ये गेलं. त्यात एका जोडणीची सगळी पाकिटं एकाच तारेवरून जातात. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण पाकिटं चार वाटांनी मागेपुढे पोचली तर टीसीपीला ती हरवली असं वाटतं आणि तो ती पुन्हा मागवत बसतो. त्यामुळे एका संगणकावरून एक मोठी फाइल ओढली तर मोळी चारची असो वा आठची, वेग एकाच तारेचा. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये, म्हणजे मोळीच्या सोयीत, 'बॅलन्स-आरआर' हा प्रकार पाकिटं आळीपाळीने चारही तारांवर टाकतो, पण तिथे नेमका हाच मागेपुढे होण्याचा त्रास गळ्यात येतो. स्विच मधे असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

"आमच्याकडे चार संगणक आहेत, चौघांना चार तारा मिळतील ना?" मिळतीलच असं नाही. तार निवडण्याचं लिनक्सचं मूळ धोरण 'लेअर२' हे दोन्ही टोकांच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या (प्रत्येक नेटवर्क पोर्टाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या) शेवटच्या बाइटांवरून हिशेब करतं आणि तारांच्या संख्येने भागून बाकी काढतं. चार तारांच्या मोळीत म्हणजे फक्त शेवटच्या दोन बिटांना किंमत उरते. ज्यांच्या मॅक अ‍ॅड्रेसचा शेवटचा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई आहे असे चार संगणक घ्या: चौघेही एकाच तारेवर जाऊन बसतात आणि उरलेल्या तीन मोकळ्या राहतात. धोरण 'लेअर३+४' केलं की आयपी आणि टीसीपीचे पोर्ट क्रमांकही (कार्डावरचे पोर्ट नव्हेत) हिशेबात येतात, वाटणी सुधारते. पण हे फक्त सर्व्हरकडून निघणाऱ्या पाकिटांपुरतं. सर्व्हरकडे येणारी पाकिटं कोणत्या तारेवर टाकायची ते स्विच ठरवतो, त्याच्या स्वतःच्या हिशेबाने. सर्व्हरवरून फाइल घेताना वेग चांगला आणि ठेवताना रडतखडत, अशी तक्रार असली तर आधी तिथे बघा. शिवाय स्विचला एलएसीपी यावं लागतं. काही स्वस्त 'स्मार्ट' स्विचांत फक्त स्टॅटिक एलएजी, म्हणजे हाताने बांधायची मोळी, असतो. समोर एलएसीपी लावून बसलात तर मोळी बांधलीच जात नाही.

या कार्डाचं सोनं होतं ते एसएमबी मल्टिचॅनलमुळे. एसएमबी ही विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या एसएमबी ३.० पासून ही सोय आहे आणि मुळातच चालू असते. मोळी बांधायची नाही, स्विच महागडा नको. दोन्ही टोकांना सारख्या वेगाचे दोन-दोन पोर्ट दिसले की एसएमबी स्वतःच अनेक जोडण्या उघडतो आणि एकाच फाइलचे तुकडे सगळ्यांवरून वाटून नेतो. अट "दोन्ही टोकांना" ही आहे. सर्व्हरला चार पोर्ट आणि एडिटिंगच्या संगणकाला एक, तर त्या संगणकाला वेग एकाच गिगाबिटचा.

जोडणी अशी करावी: सर्व्हरचा पहिला पोर्ट १९२.१६८.१०.५, दुसरा १९२.१६८.११.५, संगणकावर तसंच १०.२१ आणि ११.२१. सगळं एकाच साध्या स्विचमध्ये लावलं तरी चालतं. गेटवे (इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) फक्त पहिल्या पोर्टाला द्या. दोन्हींना दिलात तर इंटरनेट कधी लागेल, कधी नाही, आणि दोष उगाच ब्रॉडबँडवाल्याच्या माथी जाईल. दुसऱ्या पोर्टाच्या सेटिंगमध्ये डीएनएसमध्ये पत्ता नोंदवण्याची खूण काढून टाका.

इथवर सगळे पोचतात, आणि तरी दुसरी तार गप्पच राहते. याचं नेहमीचं कारण फायरवॉल. गेटवे नसलेल्या पोर्टाला विंडोज 'अनोळखी नेटवर्क' समजतं, त्याचं प्रोफाइल 'पब्लिक' करतं आणि त्या वाटेने फाइल शेअरिंग बंद पडतं. पिंगही लागत नाही, म्हणून लोक केबल बदलत बसतात. सर्व्हरच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज'मध्ये जाऊन अनोळखी नेटवर्क 'प्रायव्हेट' करावं. पुन्हा चालू केल्यावरही ते टिकतं. मग एक मोठी फाइल कॉपीला लावून, संगणकाच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीमल्टिचॅनलकनेक्शन' द्या. १० आणि ११ या दोन्ही पट्ट्यांच्या ओळी दिसल्या पाहिजेत. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही इथरनेटचे आलेख बरोबरीने चढताना दिसले की काम झालं.

आणखी एक गोम: पोर्ट असमान असतील तर एसएमबी भारी तेवढे निवडतो आणि बाकीचे सोडून देतो. बोर्डावरचा पोर्ट २.५ गिगाबिटचा आणि जोडीला एक गिगाबिटचं कार्ड, अशी खिचडी केली तर कार्ड शोभेला. आरएसएस येणारा आणि न येणारा पोर्ट एकत्र ठेवले तरी तेच.

लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरात मल्टिचॅनल ४.१५ आवृत्तीपासून मुळात चालू आहे. त्याआधीच्या आवृत्तीत 'सर्व्हर मल्टि चॅनल सपोर्ट' हाताने 'येस' करावं लागतं. तिथेही वेगळे सबनेट, म्हणजे वरच्या १० आणि ११ सारख्या पत्त्यांच्या वेगळ्या पट्ट्या, हव्यातच. दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमध्ये ठेवले तर लिनक्स कुठल्याही पोर्टावरून कुठल्याही पत्त्याच्या एआरपीला ("हा पत्ता कुणाचा?" या हाकेला) उत्तर देतो, परतीची पाकिटं एकाच पोर्टाने जातात आणि दुसरा नुसता दिवा लुकलुकवत बसतो. अ‍ॅपलचे मॅक संगणक वापरणाऱ्या स्टुडिओंसाठी: बिग सर ११.३ पासून मॅकओएसला मल्टिचॅनल येतं.

नेटवर्क जमलं तरी फाइल शेवटी डिस्कवरून येते. ७,२०० फेऱ्यांची एकटी हार्ड डिस्क सलग वाचनात साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते, म्हणजे दोन तारा भरल्या की ती थकली. चार तारांचे ४७० मेगाबाइट भरून काढायला साटा एसएसडी किंवा बऱ्यापैकी रेड (अनेक डिस्कांची एकत्र जोडणी) लागतं. कॉपी सुरुवातीला भन्नाट आणि काही सेकंदांत आलेख कोसळला, तर तो रॅममधल्या कॅशचा खेळ समजा. हजारो बारीक फाइलींना तर चार काय, दहा तारांचा उपयोग नाही. तिथे वेळ जातो प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात. त्यासाठी विंडोजमधली रोबोकॉपी ही कमांड '/एमटी:१६' देऊन चालवा किंवा आधी एक झिप करा. जंबो फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या पाकिटांच्या, मागे लागू नका. ९,००० बाइटच्या एमटीयूने (पाकिटाच्या कमाल आकाराने) तारेचा उपयोग ९४ वरून ९९ टक्क्यांवर जातो, पण साखळीतला एक जरी स्विच किंवा संगणक १,५०० वर राहिला तर पिंग लागतं आणि कॉपी मात्र लटकते. पाच टक्क्यांसाठी एवढा ताप नको.

गोव्यात तारेचा मुद्दा कार्डाहून मोठा आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे केबल पुष्कळदा बाहेरून, पागोळ्यांखालून नेलेली असते. चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही खारी हवा, यांत आरजे-४५ च्या धातूच्या टोकांवर हिरवट थर धरतो, आठांपैकी एखादी तार सुटते आणि पोर्ट निमूट १०० मेगाबिटवर येतो. एक तार असेल तर हे लगेच लक्षात येतं. चार असतील तर नुसतं "हल्ली जरा स्लो वाटतं". म्हणून पावसाळ्याआधी आणि चवथीनंतर चारही पोर्टांचा लिंक स्पीड बघायचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे सीसीए केबल कितीही स्वस्त मिळाली तरी नको. शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल तर मुळीच नको. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरातल्या विजा कडाडल्या की पोर्ट जळतात ते याच वाटेने, आणि चार केबल म्हणजे चार वाटा. तिथे फायबर.

मग पर्याय काय? लग्नाच्या शूटिंगचं २५६ गिगाबाइटचं एक मेमरी कार्ड धरा. एका गिगाबिटवर ते हलवायला कमीत कमी ३६ मिनिटं, दोन तारांच्या मल्टिचॅनलवर १८, चारांवर ९. दोन्ही टोकांना २.५ गिगाबिटचा एकच पोर्ट असेल तर साडेचौदा मिनिटं. तेही आहे त्याच कॅट-५ई वर, १०० मीटरपर्यंत, सबनेटची भानगड न करता. नवीन सामान घेणाऱ्या दोन-तीन जणांच्या ऑफिसने हेच करावं, आय३५० कडे बघूही नये. दहा गिगाबिटसाठी इंटेल एक्स५२०-डीए२ सारखं एसएफपी+ कार्ड (आरजे-४५ ऐवजी मॉड्यूल किंवा डीएसी बसवायच्या खाचेचं), मिक्रोटिकचा चार एसएफपी+ पोर्टांचा सीआरएस३०५ स्विच आणि तीन मीटरच्या डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडूनच येणाऱ्या तांब्याच्या) हा सरळ रस्ता. डिस्क एनव्हीएमई (साटाहून वेगवान एसएसडी) असेल तर तेच २५६ गिगाबाइट चारएक मिनिटांत. पण एक्स५२० हे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेलं कार्ड आहे. एसी नसलेल्या खोलीतल्या साध्या कॅबिनेटात त्याच्यासमोर वेगळा पंखा लावावाच लागतो. शिवाय डीएसीऐवजी फायबर लावायचं तर ते इंटेल कोडिंगचंच मॉड्यूल मागतं.

आय३५० घ्यावं ते दोन परिस्थितींत: सर्व्हर जुना पण धडधाकट आहे, डिस्क एसएसडीच्या आहेत आणि कार्ड वापरलेलं, रास्त भावात मिळतंय, किंवा आठ-दहा जण एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडतात आणि प्रत्येकाला एका गिगाबिटपेक्षा जास्त नको आहे. दुसऱ्यासाठी एलएसीपी आणि 'लेअर३+४'.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन वापरलेलं कार्ड मागवताना मॉडेल अक्षर न् अक्षर वाचा. एचपीचं ३६६टी आणि ३६६एफएलआर, दोन्हींवर चिप आय३५० चीच. पण एफएलआर हे एचपीच्या सर्व्हरातल्या खास जागेत बसणारं कार्ड आहे, साध्या पीसीआयई खाचेत ते जात नाही. डेलचं नेटवर्क डॉटर कार्डही तसलंच. स्वस्त दिसतात ती बहुधा हीच. विक्रेत्याकडून सोनेरी कडेचा आणि ब्रॅकेटचा फोटो मागवा, ब्रॅकेट उंच हवा की ठेंगणा ते आधी मोजून ठेवा. कार्ड हातात आल्यावर चारही पोर्टांवर एकेक करून पाच मिनिटं 'आयपर्फ३' चालवा. तीन धड आणि चौथा मुका, असं कार्ड परतीची मुदत संपल्यावर कळून उपयोग नाही.