४,८३५ डॉलरचा ब्लॅक बेल्ट

ब्राझिलियन जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या कलेतला माझा ब्लॅक बेल्ट खोटा आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. लाज वाटते. पण तो देणाऱ्या सरांकडे आजही लोक पैसे भरताहेत, म्हणून लिहितोय.

आधी हिशेब. ३८ महिने, दरमहा ६० डॉलर फी, म्हणजे २,२८०. बेल्ट पांढरा, ब्ल्यू, पर्पल, ब्राउन, मग ब्लॅक असे चढतात; ग्रेडिंगचे, म्हणजे पुढच्या बेल्टच्या परीक्षेचे, ब्ल्यूला १२०, पर्पलला २५०, ब्राउनला ४००. वर्ष संपताना 'संलग्नता शुल्क' ९५, असं तीनदा, म्हणजे २८५. शेवटी ब्लॅक बेल्टचे १,५००. एकूण ४,८३५ डॉलर. पावत्या फक्त महिन्याच्या फीच्या. ग्रेडिंगचे सगळे पैसे रोख, पाकिटात घालून. बेल्टसाठी कुणी रोख मागितले तर तिथूनच माघारी फिरा.

'चौकशी केली नाहीस का?' असं सगळे विचारतात. केली होती! मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, मग विद्या त्याच्या भावांकडे, एलियोकडे गेली, हे सगळं मी वाचलेलं होतं. आणि नेमकं तेच मला नडलं.

चौदावा महिना होता. सराव संपला होता, मी मॅटवर बसून गीची, म्हणजे सरावाच्या पोशाखाची, गाठ सोडत होतो. सहज विचारलं, "सर, तुम्हाला ब्लॅक बेल्ट कुणी दिला?" सरांनी माएदापासून सुरुवात केली. माएदा, कार्लोस, एलियो. मग एक नाव आलं, मी कधीच न ऐकलेलं. "ते आता हयात नाहीत," सर म्हणाले. आणि त्यानंतर थेट सर स्वतः. मी मान डोलावली. पहिली तीन नावं मला ठाऊक होती, त्या आनंदात चौथं मी तसंच गिळलं. ती तीन नावं तर कुणीही पाठ म्हणेल! बहुतेक सगळ्यांची गुरू-शिष्यांची साखळी वर जाऊन माएदापाशीच पोचते. खोट असते ती सगळ्यात खालच्या कडीत. बेल्ट कुणी बांधला, कोणत्या साली, कुठल्या अकादमीत, त्या दिवशी मॅटवर आणखी कोण होतं? दहा-दहा वर्षं घासून बेल्ट मिळवलेला माणूस तो दिवस विसरत नाही. सरांनी साल सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या संध्याकाळपर्यंत माझे १,०५५ डॉलर गेले होते. एक प्रश्न पुढे विचारला असता तर उरलेले ३,७८० वाचले असते. रात्री झोप लागत नाही ती या आकड्यामुळे.

सर कधी कुणाशी रोल, म्हणजे सरावाची झुंज, करत नसत. गुडघ्याची दुखापत. आता वय झालेले, जखमी असे खरे शिक्षकही रोल करत नाहीत, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. पण एकदा बाहेरचा एक पर्पल बेल्ट पाहुणा आला आणि त्या दिवशी स्पॅरिंगच रद्द झालं. नुसती तंत्रं दाखवून क्लास संपला. पाहुण्यांना मॅटवर उतरू न देणारी जागा सोडून द्या, दुसरं काही बघू नका.

वेळेचंही मला कळायला हवं होतं. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ब्ल्यूवर किमान दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर एक. म्हणजे नुसती ब्ल्यूपासूनच साडेचार वर्षं झाली. ब्लॅकसाठी वय किमान १९, आणि सही करणारा स्वतः किमान सेकंड डिग्रीचा, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्याच दुसऱ्या पायरीचा, हवा. मला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ३८ महिन्यांत नेलं. मी विचारलं तेव्हा सरांनी बी. जे. पेन या अमेरिकन खेळाडूचं उदाहरण दिलं. पेनला चार वर्षांच्या आत ब्लॅक बेल्ट मिळाला, हे खरंच आहे. पण त्यानं २००० साली ब्लॅक बेल्ट गटात जागतिक विजेतेपद मिळवलं, ब्राझीलबाहेरचा पहिलाच. मी एकही स्पर्धा खेळलो नव्हतो. सर म्हणायचे, आपली विद्या स्वसंरक्षणाची, पदकांची नाही. एलियोही स्वसंरक्षणावर भर द्यायचा, म्हणून तेही पटलं. त्यांचं प्रत्येक खोटं असं कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला टेकवलेलं होतं. घरदार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसानं यात आणखी किती खणायचं?

कामासाठी परगावी गेलो, तिथल्या अकादमीत काळा बेल्ट बांधून उतरलो. एका ब्ल्यू बेल्ट मुलीनं सहा मिनिटांत मला चारदा टॅप करायला, म्हणजे हात आपटून हार मानायला, लावलं. थकलेला ब्लॅक बेल्टही कधी टॅप करतो, तो प्रश्न नव्हता. ती माउंटमध्ये, म्हणजे माझ्या अंगावर स्वार होऊन, बसली आणि तिथून सुटायचं कसं हेच मला येत नव्हतं. तिथल्या कोचनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "कुणाकडून?" मी चौथं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला त्या चार टॅपपेक्षा जास्त लागलं.

मग तक्रारी. प्रमाणपत्रावर ज्या संघटनेचा शिक्का होता तिला लिहिलं. उत्तर सरांच्याच ईमेलवरून आलं! दुसऱ्या एका संघटनेनं कळवलं, ते आमचे सदस्य नाहीत, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा "साहेब नाहीत". दुसऱ्यांदा "पट्टा मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" तिसऱ्यांदा तर त्या माणसानं मलाच विचारलं की खरा ब्लॅक बेल्ट कोण ठरवतं, ते कायद्यात दाखवा. दाखवणार काय? या कलेत बेल्ट शिक्षक देतो. सगळ्या जगाला बंधनकारक असा एकच अधिकार कुणाकडे नाही. याचाच फायदा ही माणसं उठवतात आणि तक्रार घ्यायला बसलेले हात झटकतात. कार्ड कंपनीनं २,२८० चा दावाही फेटाळला: सेवा मिळालेली आहे. सेवा!

आयबीजेजेएफकडे नोंद असलेले ब्लॅक बेल्ट नावानं शोधता येतात. नोंद नाही म्हणजे माणूस खोटाच असं नाही, अनेक अस्सल लोकही नोंदणी करत नाहीत. पण मग त्याच्या गुरूला गाठा, जिवंत गुरूला, आणि थेट विचारा. गुरू वारलेले असतील तर त्यांचे दुसरे शिष्य शोधा. एकही सापडत नसेल तर पैसे देऊ नका.

मी त्या दुसऱ्या कोचकडे पांढऱ्या बेल्टवर नाव घातलंय. सरांच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात आणखी चौघांचं ब्लॅक बेल्ट ग्रेडिंग आहे. त्यातल्या दोघांना मी फोन केला. एकानं ठेवून दिला. दुसरा म्हणाला, पैसे आधीच भरलेत.