सास्सिकाया २००८: महाग, आणि गाजावाजा न करणारी

रेड वाइन म्हणजे दाट, गोडसर आणि जिभेवर ठाण मांडणारी हवी असेल, तर इटलीच्या सास्सिकायावर पैसे घालवू नका. आमच्याकडे दोन घोटांतच नवऱ्याचा चेहरा पडला. "एवढ्यात नवा फ्रिज आला असता," एवढंच त्याचं परीक्षण. मला मात्र ती आवडली, भरपूर आवडली.

इटलीत टस्कनीच्या किनाऱ्याजवळ बोल्गेरीत ही वाइन बनवणारी तेनुता सान ग्विदो ही इस्टेट आहे. तिचे तेव्हाचे मालक मारियो इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांना फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनचा शौक. सान्जोवेझे या स्थानिक द्राक्षाच्या मुलखात त्यांनी १९४०च्या दशकात कॅबर्ने हे बोर्दोचं द्राक्ष लावलं, म्हणजे आगाऊपणाच! कित्येक वर्षं ही वाइन घरच्यांपुरतीच होती; बाजारात पहिल्यांदा आली ती १९६८च्या द्राक्षांची. तिथल्या नियमांत बसत नव्हती, म्हणून लेबलवर साधी टेबल वाइन. आणि याच टेबल वाइनने १९७८ साली लंडनच्या एका चाखणीत बोर्दोच्या नामवंतांना मागे टाकलं.

आम्ही बोल्गेरीतल्याच एका खानावळीत २००८च्या द्राक्षांची बाटली उघडली. ती आली तीच कोमट. बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायला लावली, मग गाळ बाटलीतच राहील अशी हळू डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, ओतून घेतली. कडेला रंग विटकरी झालेला. सुरुवातीला वास जवळजवळ नाहीच. मग देवदाराचं लाकूड, तंबाखूचं सुकं पान, आणि बऱ्याच मागे ब्लॅककरंट. आपल्या आइस्क्रीममधला नव्हे, साखर काढून घेतलेला. टॅनिन, म्हणजे वाइनमधली तुरट द्रव्यं, अजून शाबूत आहेत: जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी आवळते, पण लगेच सुटतेही. आंबटपणा खणखणीत. नुसती पिताना ती जरा शिष्ट वाटली. रानडुकराच्या रश्श्यातली पापार्देले (रुंद पट्ट्यांचा पास्ता) पुढ्यात आल्यावर मोकळी झाली. फ्रेंच ओकच्या लहान पिंपांत दोनेक वर्षं राहूनही लाकूड कुठे बोचत नाही, हे मला सगळ्यात भावलं.

पूर्ण बाटलीपेक्षा कुठे ग्लासने मिळाली तर आधी तशी चाखा. जुनी बाटली दुकानातून घेणार असाल, तर आजवर ती कुठे आणि कशी ठेवली होती ते विचारा. दुकानदार उत्तर देताना घुटमळला, तर सरळ त्याच इस्टेटची ले दिफेझे ही दुसरी वाइन घ्या. तिच्यात कॅबर्नेबरोबर सान्जोवेझे असते, किंमत कितीतरी कमी, आणि उघडल्या उघडल्या पिता येते.