काढता-घालता सायलेन्सर, आठ महिन्यांनंतर: आवाजापेक्षा बोल्टबद्दलच जास्त लिहितोय

गाडी 2002 ची होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. बाबांची होती, आता मी चालवतो. मागच्या वर्षी सायलेन्सरचा मागचा बॉक्स सडला तेव्हा एका गॅरेजमधून सरळ पाइप आणि मोठ्या तोंडाचा स्टेनलेसचा कॅन (सायलेन्सरचा गोल डबा) बसवून घेतला. आवाज मला फार आवडला, अजूनही आवडतो, पण आम्ही राहतो इंदूरला रामबागेत, गल्ली अरुंद, भिंतीला भिंत लागून घरं, आणि मला पीथमपूरला शिफ्टसाठी पावणेसहाला निघावं लागतं. सेल्फ मारला की अख्खी गल्ली जागी. शेजारच्या वहिनींचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. वहिनी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आईनेच सांगितलं की बाळ रोज दचकून उठतं रे, आणि ते मला खरंच लागलं. म्हणून आवाज कमी करणाऱ्या काढत्या-घालत्या सायलेन्सरचा हा उद्योग.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ही एक वीतभर नळी असते, अंगभर भोकं, वर ग्लासवूल गुंडाळलेलं, मागच्या टोकाला जाड कडं. कॅनच्या तोंडातून आत सरकवायची आणि बोल्टने धरून ठेवायची. मोठ्या तोंडाऐवजी धूर लहान भोकातून जातो, माझ्यात ते 32 एमएमचं आहे. लोक डीबी किलर म्हणतात (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाचं माप). तयार मिळतात, पण मी मापाचा बनवून घेतला, कारण माझ्या कॅनचं तोंड बाहेरून 63.5 एमएम आणि पत्रा दीड एमएमचा, म्हणजे आतून 60.5, आणि तयार मिळणारे एकतर 58 चे नाहीतर आत जाईनातच. व्हर्नियरने तीन ठिकाणी माप घ्या, तोंड पूर्ण गोल नसतं, आणि आतून वेल्डची शिवण असेल तर ती आधी फाइलने घासून काढा. सियागंज बाजारातून 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा तुकडा आणला, खरादवर (लेथवर) कडं 60 चं करून घेतलं.

आता मुख्य गोष्ट. खरादवाला काम देताना म्हणाला होता, "भिया, एक बोल्ट पे भरोसा मत करना." मी केला. एम6 चा (6 एमएम जाडीचा) एकच बोल्ट, कड्यातून बाहेर काढलेला, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला. तीन आठवडे सगळं छान. मग एका रविवारी खंडवा रोडला सिमरोलच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढवत होतो, मागून एकदम टण्ण आवाज आला आणि एक्झॉस्ट मोकळा झाला. आरशात बघितलं तर मागचा बाइकवाला वाकडा होऊन सावरत होता. नळी त्याच्या चाकापासून हातभर लांबून गेली होती. गाडी बाजूला घेतली, उतरलो, त्याची माफी मागितली, तो बिचारा पाणी पिऊन निघून गेला, पण माझे हात थरथरत होते ते बराच वेळ थांबले नाहीत. त्याच्यामागे कोणी बसलेलं असतं तर, एवढंच डोक्यात येत होतं.

कारण नंतर कळलं आणि साधंच होतं. नायलॉकची पकड त्यातल्या नायलॉनच्या रिंगवर असते, ती साधारण 120 डिग्रीपर्यंतच टिकते, आणि घाटात चढताना कॅनचं तोंड त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. रिंग मऊ पडली, थरथराटाने नट सुटला, बोल्ट आत पडला, आणि धुराचा धक्का तर सारखा बाहेरच ढकलत असतो.

दुसऱ्यांदा असं केलं. कड्यालाच आतून दोन स्टेनलेसचे नट आर्गनने वेल्ड करून घेतले, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी. अगदी खाली, सहाच्या जागी बोल्ट लावू नका, स्पीडब्रेकरला घासतो. तिथे मी तीन एमएमचं भोक ठेवलंय, सकाळी थंड गाडी सुरू केली की पाणी होतं ते तिथून निघतं. बोल्ट बाहेरून आत येतात. दोन्ही बोल्टच्या डोक्यात बारीक भोक पाडलं (स्टेनलेसमध्ये ड्रिल हळू फिरवा, तेल टाका आणि दाब सोडू नका, घासत राहिलं तर धातू अजून कडक होतो, माझे दोन बिट मोडले) आणि त्यातून 0.8 ची स्टेनलेसची तार पीळ देऊन एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत ओढली. तार अशा बाजूने न्यायची की बोल्ट सुटायला लागला तर ताण पडून तो उलट आवळला जावा. विमानात आणि रेसिंगच्या गाड्यांत हेच करतात. धाग्यांना कॉपर ग्रीस लावाच, स्टेनलेसमध्ये स्टेनलेस सुकं आवळलं की धागे एकमेकांत रुतून बसतात आणि मग बोल्ट तुटतो, निघत नाही. दहाचा पाना, मनगटाच्या जोराने, बास.

त्यानंतर साडेसहा-सात महिने झाले, एकदाही हललेलं नाही. मधे थोडी खुळखुळ होती ती कड्याभोवती एक्झॉस्टची पट्टी एक वेढा गुंडाळल्यावर गेली.

आवाजाचं सांगतो. फोनचं अ‍ॅप काही खरं मीटर नाही, पण एकच फोन, एकच जागा, तोंडापासून अर्धा मीटर आणि 45 अंशात, 3500 आरपीएमला: न लावता 97 डीबी, लावून 88. दहा डीबी उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि गल्लीत तेवढाच फरक जाणवतो. पण बायपासला 3000 च्या आसपास जी घुमघुम होते ती फारशी गेली नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात 3000 आरपीएमला सेकंदाला शंभर ठोके पडतात, म्हणजे 100 हर्ट्झ, आणि एवढा खालचा सूर इतक्याशा ग्लासवूलला पकडता येत नाही, ते वरचा कर्कशपणा खातं. घुमघुम घालवायची तर मधे मोठा बॉक्सच लागेल. वरच्या आरपीएमला गाडी थोडी बांधल्यासारखी वाटते, साडेचार हजारानंतर नक्कीच. शहरात काही फरक नाही, अ‍ॅव्हरेजही तेच.

पाचव्या महिन्यात आवाज पुन्हा वाढला, उघडलं तर ग्लासवूल जळून निम्मं उडालेलं. नवीन भरलं. हातमोजे आणि मास्क घाला, त्याचे तंतू दोन दिवस टोचतात. दर महिन्याला गार गाडीवर तार कापून बोल्ट उघडतो, काजळी पुसतो, पुन्हा ग्रीस आणि नवी तार. पावसाळ्यात एक महिना चुकवला तर कडं काजळीने असं धरलं की रात्रभर तेल सोडून लाकडाच्या ठोकळ्याने ठोकावं लागलं.

आणि हे लावलं म्हणून गाडी नियमात बसली असं कोणी समजू नका. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा 45 डीबी आहे, माझी वेळ त्यातच येते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजासाठी पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस आत नळी आहे की नाही हे विचारत बसणार नाहीत. मी जुना कंपनीचा बॉक्स शोधतोय, या मॉडेलचा चांगला मिळणं अवघड झालंय, मिळाला की तो बसवीन.

तोवर पावणेसहाला गाडी ढकलून कोपऱ्यापर्यंत नेतो आणि तिथे सुरू करतो. डिकीत दोन जादा बोल्ट, तारेची गुंडाळी आणि दहाचा पाना कायम असतो.