डीडी फ्री डिश: रिचार्जची कटकट नको असेल तर

संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या आणि मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्या, एवढं पाहणाऱ्या घराला फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, पुरेशी आहे. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स एकदाच घ्यायचे, महिन्याचं भाडं नाही. बॉक्स मात्र एमपेग-४ चाच मागा, ही चित्र पाठवण्याची नवी पद्धत आहे. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या येतच नाहीत, आणि दुकानदार उरलेला जुना माल आधी पुढे करतात.

जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून महाराष्ट्रात छत्रीचं तोंड आग्नेयेला. समोर नारळाचं झाड किंवा शेजारची टाकी नको. खांब ओळंब्यात नसेल तर तासभर फिरवूनही सिग्नल मिळत नाही. छत्री केसभर हलवून दोन-तीन सेकंद थांबा, मग टीव्हीवर बॉक्सच्या सिग्नल मेनूतली क्वालिटीची पट्टी बघा. नुसती स्ट्रेंग्थ भरलेली असून उपयोग नाही.

बहुतेक तक्रारी एफ-कनेक्टरच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसणाऱ्या जोडाच्या, निघतात. वायरमधल्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट. वायर जोडताना बॉक्स बंद ठेवा आणि बाहेरच्या जोडाला पाणीरोधक टेप गुंडाळाच.

मुसळधार पावसात चित्र फुटतं, तेवढं धरून चाला. मराठी वाहिन्या मोजक्याच आहेत. खासगी वाहिन्यांच्या सगळ्या मालिका हव्या असतील तर हे घेऊ नका.