क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट्स हिशोबाच्या वहीत कधी घ्यायचे, मिळाल्यावर की वापरल्यावर?

धंद्याचा खर्च कार्डावर करणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही पद्धतींनी हिशोब ठेवून बघितलाय म्हणून लिहितोय.

पहिल्या पद्धतीत पॉइंट्स जमा झाले की लगेच अंदाजे किंमत धरून येणं दाखवायचं. ज्या महिन्यात खर्च त्याच महिन्यात फायदा दिसतो, आणि पॉइंट्स फार मोठ्या प्रमाणात साठत असतील तर तुमचा अकाउंटंट कदाचित हीच सुचवेल. मीही वर्षभर असंच केलं.

पण गाडं अडलं ते किमतीवर. समजा 10,000 पॉइंट्स कार्डाच्या बिलात वळते केले तर 2,000 रुपये मिळतात आणि तेच प्रवासाच्या बुकिंगला वापरले तर 4,000, मग वहीत धरायचे किती? मी मधला आकडा धरला. पुढे एक प्रिंटर परत केला, रिफंड आला आणि त्यावरचे पॉइंट्स कार्डवाल्यांनी काढून घेतले, झालं, आधीची एंट्री उलटी फिरवा. मग पॉइंट्स रिडीम करायचा, म्हणजे वटवायचा, दर बदलला, पुन्हा एंट्री. दर महिनाअखेरीला स्टेटमेंट समोर ठेवून, जे पैसे अजून हातात आलेच नाहीत त्यांचा मेळ घालत बसायचो, आणि तो काही केल्या बसायचा नाही.

आता दुसरी पद्धत, रिडीम झाल्यावरच लिहितो. बिलात 1,500 वळते झाले की कार्डाच्या देण्याला 1,500 नावे (डेबिट), 'कार्ड रिवॉर्ड्स' खात्याला 1,500 जमा (क्रेडिट), विषय संपला. हे खातं मी खर्चाच्या गटातच ठेवतो, कारण खरेदी केली म्हणून मिळालेली ती सूट आहे, कमाई नाही. काहीच खर्च न करता नुसतं कार्ड घेतल्याचा बोनस आला तर मात्र तो इतर उत्पन्नात. आणि ही सूट खरेदीच्या एकेका बिलातून वजा करू नका बरं का, बिल 800 चं आणि लेजरला (खातेवहीत) 788 दिसलं की सहा महिन्यांनी काहीच उलगडत नाही.

यात साठलेले पॉइंट्स ताळेबंदात कुठेच दिसत नाहीत, हे मान्य. मी शिल्लक एका वेगळ्या शीटमध्ये लिहून ठेवतो, मला तेवढं पुरतं. पॉइंट्स घरच्या सहलीला वापरले तर तेवढी रक्कम उचल खात्याला (मालकाने स्वतःसाठी घेतलेल्या पैशांचं खातं) नावे टाकायची, हे मात्र दोन्ही पद्धतींत सारखंच.