लीन योजनेतला सल्लागार: पाचपैकी चार स्टार

भोसरीत माझं टर्निंगचं (लेथवर धातूचे पार्ट कातायचं) वर्कशॉप आहे. पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), अकरा माणसं. मोठ्या कस्टमरचा दरवर्षी ठरलेला मेल येतो: रेट ३ टक्के कमी करा. कुठून, ते त्यात लिहिलेलं नसतं. आजवर मार्जिनमधूनच दिले. यंदा केंद्राच्या एमएसएमई लीन योजनेत (छोट्या उद्योगांनी वाया जाणारं कमी करावं म्हणून) नाव घातलं. उद्यम नोंदणी असली की घेतात. मार्च २०२३ पासून सल्लागाराच्या फीचे ९० टक्के सरकार भरतं.

पहिले दोन आठवडे फाइव्ह-एस, म्हणजे जागेची आवराआवर. लाल टॅग, पिवळे पट्टे. खरं सांगतो, वैताग आला. पट्टे मारून कुणाचा जॉब (पार्ट) स्वस्त झालाय?

मग एक दिवस सल्लागार मॅडमनी भंगाराच्या ड्रममधून एंड पीस (बारचा उरलेला तुकडा) उचलला. "हा केवढा?" २०० मिमी. बार ३ मीटरचा, जॉब ४७ मिमी, पार्टिंग (जॉब कापताना जाणारी जाडी) ३ मिमी. बारमागे ५६ नग. पार्टिंगला २ मिमीचं इन्सर्ट (कापायचं पातं) लावलं, ५७ झाले! एका मशीनला दिवसाला पंचवीस बार लागतात, म्हणजे पंचवीस जॉबचं मटेरियल सुटलं. (हे इन्सर्ट लवकर तुटतं. कूलंट नेमकं टोकावर पडलं पाहिजे.) वीस वर्षं ड्रम भरतोय, मला कधी सुचलं नाही.

खरी कमाल पुढे. त्यांनी कस्टमरचा डिझाइनवाला आमच्या मशीनपाशी आणून उभा केला. जॉबच्या मागच्या फेसला (बाजूला) ग्राइंडिंग कशाला, विचारलं. तो ड्रॉइंग उलटसुलट बघत राहिला. तो फेस कशालाच टेकत नव्हता, जुन्या ड्रॉइंगवरून तसाच उतरलेला. ड्रॉइंगची रिव्हिजन यायला सहा आठवडे गेले, पण बाहेरच्या ग्राइंडिंगचे नगामागे १ रुपया ४० पैसे वाचले.

एक स्टार कापला तो वाटणीमुळे. वाचेल ते कस्टमर आणि मी निम्मंनिम्मं, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. कस्टमरच्या पर्चेसने (खरेदी विभागाने) पुढच्या पीओत (ऑर्डरीत) सगळेच १.४० कापले. मॅडम म्हणाल्या, "तो तुमच्या दोघांतला विषय." महिनाभर भांडून ५० पैसे परत मिळवले. कॉस्टिंग उघडून दाखवण्याआधी वाटणी कागदावर घ्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी फिरती प्लास्टिकची बिनंही त्यांनीच सुरू करून दिली. खर्च वाचतो, पण गेल्या ट्रिपला चाळीस गेली, एकतीस आली. एकात कुणाचा तरी डबा होता.